मागे राहणाऱ्याची सोय

पुण्याच्या मार्केट यार्डातील एका भुसार पेढीच्या मालकाने मागील मार्गशीर्षात सहकुटुंब सम्मेद शिखरजीच्या यात्रेचा बेत आखला. तिकिटे, धर्मशाळेतील खोल्या, आजींसाठी डोली आणि पेढीवर कोणी बसायचे, या चारही गोष्टी आठ दिवसांत ठरल्या. पाचवी गोष्ट मात्र महिनाभर ठरेना. घरातील नऊ वर्षांच्या शेरूला, म्हणजे लॅब्राडोर जातीच्या श्वानाला, ते अकरा दिवस कोठे ठेवावे?

प्रश्न नवा नव्हता. तीन वर्षांपूर्वी घरातील मंडळी एका लग्नासाठी आठवडाभर परगावी गेली, तेव्हा शेरूला गोदामावरील रखवालदाराच्या हवाली केले होते. रखवालदार मनाने वाईट नव्हता. दोन वेळा भाकरी-दूध देई, सकाळी पाण्याचे भांडे भरून ठेवी. पण गोदामात मालाची ये-जा चालू असल्याने कुत्रा दिवसभर साखळीला असे, साखळी अडकून भांडे उपडे होई, आणि ते पुन्हा भरले जाई ते संध्याकाळी. मंडळी परतली तेव्हा शेरूच्या मानेवरचे केस घासून गेले होते, खाली जखम ओली होती आणि फासळ्या हाताला लागत होत्या. डॉक्टरांनी मलम दिले, पंधरवड्यात सगळे भरून आले. कोणी कोणाला बोलले नाही. आजींनी मात्र त्यानंतर घरातल्या सर्वांनी मिळून करायच्या प्रवासाचे नाव काढले नाही, आणि शिखरजीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारले, “शेरूची नीट सोय होणार असेल तरच मी येते.”

त्यांच्या बोलण्याला बैठक होती. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत, ते पाठशाळेत शिकलेल्या प्रत्येकास तोंडपाठ असतात: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी अडविणे. हे अतिचार सांगितले आहेत ते रानातल्या प्राण्यांविषयी नव्हेत. ज्याच्या घरी, ज्याच्या दावणीला जनावर आहे त्या गृहस्थाला उद्देशून ते आहेत. गोदामातील त्या आठवड्यात पहिला आणि शेवटचा असे दोन अतिचार घडले, तेही कोणाच्या मनात हिंसा नसताना. देशाचा कायदाही याच मुद्द्यांपाशी येऊन थांबतो, ही बाब फार थोड्या श्वानपालकांच्या लक्षात असते. 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 मध्ये आखूड किंवा जड साखळीने प्राण्यास अवाजवी काळ बांधून ठेवणे, पुरेसे अन्नपाणी व निवारा न देणे, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, हे सारे गुन्हे म्हणून नोंदले आहेत. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्यात मालकाने हयगय केली, तर तोही त्याच कलमाखाली गुन्हा ठरतो.

पूर्वीच्या घरांत हा प्रश्न पडत नसे. वाड्यात कोणी ना कोणी असेच. एक चुलतघर यात्रेला गेले तर दुसरे मागे राही. दिवसा कुत्रा पेढीच्या पायरीवर पडून असे, हमाल त्याच्या अंगावरून ओलांडून जात, आणि गिऱ्हाईकांच्या मुलांना त्याचे नाव ठाऊक असे. आज घर सातव्या मजल्यावर आहे, सून नोकरीला जाते, नातवंडे क्लासला असतात आणि शेजाऱ्याला लिफ्टमध्ये कुत्रा चालत नाही. शहरांतून डे-केअर आणि बोर्डिंग यांचा व्यवसाय वाढला तो या बदलामुळे.

नातेवाइकांपैकी एकाने पांजरापोळ सुचविली. सूचना मनापासून होती आणि तिच्यामागे इतिहासही होता. 1832 साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याची सरकारी मोहीम निघाली, तिच्याविरुद्ध पारशी समाजातून दंगा उसळला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. आज पांजरापोळ म्हटले की गायी डोळ्यांपुढे येतात. पण तिच्या आरंभी कुत्री होती. तथापि पांजरापोळ असते ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी. घर असलेल्या, पलंगाशेजारी झोपण्याची सवय असलेल्या, गुडघे धरू लागलेल्या वृद्ध श्वानाला आजारी व जखमी जनावरांच्या गर्दीत अकरा दिवस ठेवणे त्याच्या हिताचे नाही, आणि मर्यादित जागेत निराधारांची सोय पाहणाऱ्या संस्थेवरही तो भारच.

मग खरी शोधाशोध सुरू झाली. एकाच नावाखाली दोन वेगळ्या सोयी मिळतात, हे कुटुंबाला प्रथम समजून घ्यावे लागले. डे-केअरमध्ये कुत्रा सकाळी जातो आणि संध्याकाळी घरी येतो. तरुण, मनमिळाऊ, अंगात रग असलेल्या कुत्र्याला ते मानवते. दिवसभर एकटे राहून चपला फाडणारा कुत्रा तेथून आल्यावर शांत झोपतो. पण रोज पाठविण्याची गरज नसते. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात, आणि चांगल्या ठिकाणी दुपारी सर्व कुत्र्यांना वेगवेगळे करून सक्तीने विश्रांती देतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते पळणे म्हणजे खेळ नव्हे. थकलेली कुत्री एकमेकांवर चिडतात आणि बहुतेक भांडणे त्याच वेळी होतात. ज्या पिलाच्या लसी पूर्ण झालेल्या नाहीत त्याला तर तेथे नेऊच नये. पार्व्होचा विषाणू जमिनीत, भेगांत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिलांसाठी तो जीवघेणा ठरतो.

बोर्डिंग म्हणजे रात्रीचा मुक्काम. त्यातही कोठे ओळीने खोल्या बांधलेल्या असतात, कोठे एखादे कुटुंब स्वतःच्या घरी चार-पाच कुत्री ठेवून घेते. यांतले एक चांगले आणि दुसरे वाईट असे नाही. भित्र्या किंवा वृद्ध कुत्र्याला घरगुती ठिकाण बरे. ज्याला दुसरे कुत्रे अजिबात चालत नाही त्याला स्वतंत्र खोली बरी. इंग्लंडमध्ये 2018 च्या नियमांनुसार डे-केअर, बोर्डिंग आणि घरगुती बोर्डिंग या तिन्हींना स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो आणि तपासणीनंतर एक ते पाच तारे मिळतात. भारतात 2017 आणि 2018 साली जे नियम झाले ते श्वानांची पैदास आणि पाळीव प्राण्यांची विक्री यांविषयी आहेत. येथे तारे मोजण्याचे काम पालकालाच करावे लागते.

कुटुंबाने दोन जागा पाहिल्या. पहिली शहरालगत, हिरवळ, निळा जलतरण तलाव, भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांची चित्रे. बसावयास खुर्च्या दिल्या, चहा विचारला. मुलाने रात्री कुत्री कोठे झोपतात ते पाहायचे म्हटले तेव्हा “आतली कुत्री बिथरतात” म्हणून नकार मिळाला. कारण अगदीच खोटे नव्हे. अनोळखी माणूस आत गेल्यास कुत्री भुंकतात हे खरेच. पण मग ठरावीक वेळी, एका वेळी एका माणसाला, निदान रिकामी खोली तरी दाखविता येते. ज्या गोदामाचा मागचा दरवाजा व्यापाऱ्याला पाहू देत नाहीत तेथला माल तो घेत नाही; हाच नियम येथेही लागू करून मंडळी उठली. फिनेलचा वास इतका उग्र होता की त्याखाली दुसरा कसला वास आहे ते कळू नये, हेही आजींनी परतताना बोलून दाखविले.

दुसरी जागा दिसायला साधी होती. जुना बंगला, कुंपणाला एकामागे एक अशी दोन फाटके, म्हणजे एक उघडले तरी दुसरे बंद राहावे. ते चालविणाऱ्या बाईंनी कुटुंबालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. लसीकरणाची वही आणली का? रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी केव्हा दिल्या? केनेल कफची लस नसेल तर निदान दोन आठवडे आधी घ्या. अनेक कुत्री एकत्र आली की तो खोकला पसरतो. गोचिडीचे औषध कोणते लावता? महापालिकेची नोंदणी आहे का? जेवताना कोणी जवळ गेल्यास गुरगुरतो का? फटाक्यांना घाबरतो का? शेवटी त्यांनी शेरूला फरशीवरून दहा पावले चालवून पाहिले आणि म्हणाल्या, “आजी, याचे मागचे पाय घसरतात. याला आतल्या खोलीत, जाजमावर ठेवावे लागेल. तरुण कुत्र्यांच्या घोळक्यात मी याला सोडणार नाही.” विकणाऱ्यापेक्षा विचारणारा बरा, हे मुलाला तेथेच पटले असावे, कारण त्याने भावाची चौकशी त्यानंतर केली.

रात्री तेथे कोण असते, हा प्रश्न आजींचा. पुष्कळ ठिकाणी रात्री दहा वाजता कुलूप लागते आणि सकाळी सातला उघडते. मधले नऊ तास कुत्री आणि कॅमेरा. कॅमेरा पाहतो, पण उठून पाणी भरत नाही. येथे बाई स्वतः वरच्या मजल्यावर राहत होत्या आणि एक मुलगा खाली झोपत असे. किती कुत्री आणि किती माणसे हेही विचारले गेले. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात जागा भरतात तेव्हा काही जण नेहमीच्या दुप्पट कुत्री घेतात आणि माणसे मात्र तितकीच ठेवतात. म्हणून गर्दीच्या हंगामातील संख्या विचारावी, आषाढातील नव्हे.

सर्वांत अवघड ठरला तो आहाराचा विषय. बाईंच्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजत होती आणि त्यांनी ते लपविले नाही. शेरू पिलू असल्यापासून शाकाहारी. अशा घरांना बाहेर हमखास ऐकावे लागते की कुत्र्याला मांस न देणे हीच क्रूरता. या आरोपात तथ्य किती ते पाहायला हवे. मांजराची गोष्ट निराळी. तिच्या शरीराला मांसातूनच मिळणारी काही द्रव्ये लागतात आणि तिला धान्यावर ठेवणे खरोखर अन्यायाचे आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उंबऱ्याशी राहिला, आणि लांडग्यापेक्षा त्याची पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती वाढली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ते दाखवून दिले आहे. नीट आखलेल्या शाकाहारावर प्रौढ कुत्रा निरोगी राहू शकतो. पण “नीट आखलेला” हे शब्द येथे महत्त्वाचे. नुसता दूधभात किंवा वरणपोळी हा पूर्ण आहार नव्हे. प्रथिने, जीवनसत्त्वे, क्षार यांचा हिशेब पशुवैद्याकडून करून घ्यावा लागतो, आणि पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचतही नाही. दयेच्या नावाखाली अर्धपोट पोषण देणे म्हणजे अन्नपाननिरोधाचाच सौम्य प्रकार, असे म्हटले तर ते कठोर होईल पण चूक होणार नाही.

बोर्डिंगच्या दृष्टीने मुद्दा आणखी वेगळा आहे. धर्माचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी, आहार एकाएकी बदलला की कुत्र्याचे पोट बिघडते. नऊ वर्षे मांस न खाल्लेल्या शेरूला पहिल्याच दिवशी कोंबडीचा रस्सा दिला असता तर जुलाब ठरलेलेच. शिवाय रश्शात कांदा-लसूण असतो, आणि ही दोन्ही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करणारी विषे आहेत. जैन घरातील कुत्रा या एका संकटापासून आपोआप सुरक्षित असतो, आणि म्हणूनच बाहेर ठेवताना ते सांगायचे राहून जाते. उलट जैन घरांतही एक धोका वावरतो, तो बेदाण्यांचा. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. शिऱ्यातला घास प्रेमाने भरविणाऱ्या आजींना हे त्या दिवशी प्रथम कळले आणि त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

शेवटी असे ठरले की शेरूचे नेहमीचे कोरडे शाकाहारी अन्न अकरा नव्हे तर चौदा दिवसांचे, रोजच्या वेगळ्या पुड्या करून द्यायचे. गाडी चुकली, मुक्काम लांबला, तर उपाशी राहू नये. भांडी घरची. वेळ सकाळी आठ आणि संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी, कारण शेरूला तीच सवय. हा त्याचा चौविहार नव्हे, त्याच्या पोटाचे घड्याळ आहे, असे नातवाने सांगितले आणि ते योग्यच होते. रात्री पाण्याचे भांडे उचलू नये, हे मात्र कागदावर लिहून खाली रेघ ओढली. मनुष्य प्रत्याख्यान घेतो तो समजून-उमजून. मुक्या जिवाच्या वतीने ते दुसऱ्या कोणाला घेता येत नाही. ज्या घरात मांस शिजते तेथे ठेवणे पटते की नाही, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या मर्यादेत घ्यायचा आहे. या कुटुंबाने वेगळे भांडे आणि वेगळी खोली यांवर समाधान मानले. आजींच्या धाकट्या बहिणीला ते पटले नाही, आणि तिने ते स्पष्ट सांगितलेही.

त्यानंतर आला तो संमतिपत्राचा कागद. चार पानांचा, बारीक टाइपातला. पुष्कळ पालक तो न वाचता सही करतात. व्यापारी घराने वाचला. आजारपणात कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, किती रुपयांपर्यंतच्या खर्चाला आगाऊ मान्यता, दिवस मोजायचा तो चोवीस तासांनी की तारखेने, अशी कलमे होती. मोठ्या शहरांत दिवसाला पाचशे रुपयांच्या आसपासपासून हजाराच्या पलीकडे आकारणी होते, तेव्हा दिवस कसा मोजतात याने बिलात फरक पडतो. माणसांची वेदनाशामक गोळी कोणत्याही परिस्थितीत देऊ नये, असे कुटुंबाने एक वाक्य स्वतःहून घातले. आणि तिसऱ्या पानावर लिहिले होते की, उपचाराचा उपयोग नसल्यास व मालकाशी संपर्क न झाल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने प्राण्यास वेदनारहित मृत्यू देण्यास मालकाची संमती आहे.

आजींनी ती ओळ दोनदा वाचवून घेतली. “हे मला चालणार नाही,” त्या म्हणाल्या. मुलाने ताबडतोब मान डोलावली नाही. “आई, आपण पहाडावर असू. वंदना चढून-उतरून सत्तावीस किलोमीटरची, दिवसभर फोन लागेल न लागेल. तो इथे तडफडत असेल तर डॉक्टरांनी काय आपली वाट पाहायची?” त्याचा प्रश्न निर्दय नव्हता. असह्य वेदनेत असलेल्या जनावरासमोर उभ्या राहिलेल्या डॉक्टरांची अडचण खरी असते. आजींचे म्हणणेही हट्टाचे नव्हते. वेदना शमविण्याची सर्व औषधे द्यावीत, शेवटच्या श्वासापर्यंत जवळ बसावे, पण मरणाची सुई कोणाच्या सहीने आधीच मंजूर करून ठेवू नये, एवढेच त्यांना म्हणायचे होते. दोन दिवस घरात या एका ओळीवर बोलणे चालले. जैन घरांतही या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र एकच नसते, हे मान्य करायला हवे.

वाट निघाली ती मुलीच्या, म्हणजे नातवंडांच्या आत्याच्या, सूचनेने. ती पुण्यातच राहते आणि यात्रेला जाणार नव्हती. ते कलम खोडून त्या जागी हाताने लिहिले की वेदनाशमनाच्या उपचारास मर्यादा नाही. जीव घेणारा कोणताही निर्णय आत्याने प्रत्यक्ष येऊन, शेरूला स्वतः पाहून, डॉक्टरांशी बोलल्यावाचून घेऊ नये. तिचे आणि तिच्या पतीचे असे दोन क्रमांक. बाईंनी सही करण्यापूर्वी आत्याला फोन लावून क्रमांक चालतो का ते पाहिले. पुढे त्या कागदाची गरज पडली नाही. पण तो लिहिला गेला म्हणून आजींनी पेटी भरायला घेतली.

यात्रेपूर्वी तीन आठवडे शेरूला अर्धा दिवस तेथे सोडले, मग एक पूर्ण दिवस, मग एक रात्र. कुत्र्याला हे कळावे लागते की या फाटकातून आत गेले की काही वेळाने बाहेरही येता येते. पहिल्याच खेपेस अकरा दिवस सोडून जाणे म्हणजे त्याच्या लेखी सोडून देणेच. सोडताना गळ्यात पडून निरोप घेण्याचा मोह आवरावा, असे बाईंनी सांगितले होते; माणसाची घालमेल कुत्र्याला वासावरून व आवाजावरून कळते. नातवाने आवरला. आजींनी आपले जुने सुती लुगडे, न धुतलेले, शेरूच्या जाजमाखाली ठेवायला दिले.

ज्या पालकांनी कधी श्वानाला मुक्कामी ठेवले नाही त्यांना पहिल्या तीन दिवसांची कल्पना असावी. पहिल्या दिवशी कुत्रा बहुधा खात नाही. फाटकाकडे तोंड करून बसतो. शौच सैल होते. रात्री दुसऱ्या कुत्र्यांचे भुंकणे ऐकून तोही भुंकतो आणि आवाज बसतो. याचा अर्थ छळ होतो आहे असा नव्हे. जागा नवी, वास नवे, आणि घरची माणसे नाहीत. मात्र पाणी पिणे थांबले, उलट्या सुरू झाल्या, रक्त दिसले किंवा पूर्ण दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. चांगले बोर्डिंग हे लपवीत नाही. रोज संध्याकाळी हसरे छायाचित्र येणे सोपे असते. “आज याने खाल्ले नाही” असा संदेश पाठवायला प्रामाणिकपणा लागतो.

असा संदेश दुसऱ्या संध्याकाळी मंडळी गाडीत असतानाच आला. मुलाने तो आजींना सांगावा की नाही असा विचार केला आणि सांगितला. सून म्हणाली, घरी तो ताटलीतून कधी खातच नाही, आजी हातावर घेऊन देतात ते पहिले चार घास खातो, मग ताटलीकडे वळतो. ही गोष्ट चार पानांच्या कागदात कोणी लिहिली नव्हती, कारण ती घरात कोणाला विशेष वाटतच नव्हती. तसा निरोप गेला. रात्री साडेसातला, म्हणजे शेरूच्या वेळेनंतर बऱ्याच उशिरा, उत्तर आले की मुलाने हातावर घेऊन सात-आठ घास दिले, उरलेले त्याने आपण होऊन संपविले. त्यानंतर तक्रार नव्हती. बाईंनी पाठविलेल्या एका छायाचित्रात शेरू लुगड्याचे टोक पुढच्या पायांत धरून झोपलेला होता. ते आजींनी पारसनाथ स्थानकावर उतरेपर्यंत तीन वेळा मागून पाहिले.

बारा दिवसांनी मंडळी परतली. एक दिवस गाडीच्या उशिरामुळे वाढला, आणि जास्तीच्या पुड्या उपयोगी पडल्या. शेरूने अंगणात आजींना पाहिले, जवळ आला, वास घेतला, आणि मग दूर जाऊन पाठ करून बसला. नातवाला वाईट वाटले, बाई हसल्या, म्हणाल्या, “घरी गेल्यावर बोलेल.” घरी आल्यावर त्याने भांडेभर पाणी प्यायले आणि दीड दिवस जवळजवळ झोपूनच काढला. असे होतेच. परतल्याबरोबर लाडाने पोटभर खाऊ घालू नये. थोडे पाणी, काही वेळाने थोडे अन्न. दोन आठवडे खोकल्याकडे आणि कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का याकडे लक्ष ठेवावे, कारण केनेल कफ लागण झाल्यावर काही दिवसांनी दिसतो आणि गोचिडीतून येणारा ताप त्याहूनही उशिरा. शेरूला एक गोचीड निघाली. मानेवर पट्ट्याची खूण नव्हती. वजन मागच्यापेक्षा अर्धा किलो कमी भरले, जे डॉक्टरांच्या मते कमी व्हायलाच हवे होते.

बिलात बारा दिवसांऐवजी तेरा लावले होते. तारखेने मोजल्यास तेवढेच होतात, आणि कागदावर तसे लिहिलेले होते. मुलाने वाद घातला नाही.

वैशाखात घरात पुन्हा लग्न आहे, आणि त्या आठवड्याची जागा संक्रांतीपूर्वीच सांगून ठेवली आहे. सूचनांचा कागद आजींनी पेढीच्या जुन्या वहीत ठेवला होता. तो परवा काढून नातवाकडून त्यात खाली दोन ओळी वाढविल्या: पहिले चार घास हातावर द्यावेत, न्यायला आल्यावर रुसतो, मनावर घेऊ नये.